किशोरवयीन नायकाची डिस्टोपियन कथा कशी रचावी

किशोरवयीन नायक किंवा नायिका असलेली डिस्टोपियन कथा, म्हणजे दडपशाहीच्या एखाद्या भयाण कल्पित समाजात घडणारी कथा, लिहायला घेणारे बहुतेक नवे लेखक चुकीच्या टोकापासून सुरुवात करतात. आधी महायुद्ध होते, शहरे उद्ध्वस्त होतात, भिंतींनी वेढलेले एक राज्य उभे राहते, त्याचे विभाग, गणवेश आणि बोधचिन्हे ठरतात, नकाशासुद्धा काढून होतो. आणि एवढे सगळे झाल्यावर त्या जगात फिरवण्यासाठी एक सोळा वर्षांची मुलगी शोधली जाते. अशा हस्तलिखितात ती मुलगी शेवटपर्यंत पाहुणीच राहते, कारण ते जग तिच्या वयातून निर्माण झालेलेच नसते. वाचकाला या प्रकारच्या कथेकडे ओढून आणणारी गोष्ट वेगळी आहे. किशोरवयात घरी, शाळेत आणि मित्रमंडळींत ज्या गोष्टी रोज सोसाव्या लागतात, पण ज्यांना कोणी अन्याय म्हणत नाही, त्यांना या कथांत कायद्याचे रूप मिळते, आणि कायदा झाल्यामुळे त्यांच्याविरुद्ध उघडपणे उभे राहता येते. हे आकर्षण नीट ओळखले, तर कथा रचतानाचे पुष्कळ निर्णय सोपे होतात. ते ज्या क्रमाने घ्यावेत असे मला वाटते, त्या क्रमाने येथे मांडतो.

आधी तक्रार, मग कायदा

लिहिण्यापूर्वी भविष्यकाळातील यंत्रांची यादी करू नये; तेरा ते अठरा या वयातील तक्रारींची यादी करावी, आणि त्या जितक्या क्षुल्लक वाटतील तितके चांगले. माझ्याविषयीचे निर्णय माझ्या माघारी होतात. एका परीक्षेवर पुढचे सगळे आयुष्य अवलंबून आहे असे प्रत्येक जण सांगतो. माझ्या दिसण्याविषयी कोणीही काहीही बोलते. मी कुठे होतो आणि कोणाबरोबर होतो, याचा जाब रोज द्यावा लागतो. यांपैकी एक तक्रार निवडावी, तिच्यातील ‘जणू काही’ काढून टाकावे आणि ती त्या समाजात शब्दशः खरी करून टाकावी.

या प्रकारातील गाजलेल्या कादंबऱ्या अशाच उलगडून पाहता येतात. व्हेरॉनिका रॉथ यांच्या ‘डायव्हर्जंट’मध्ये (२०११) सोळाव्या वर्षी एक कलचाचणी होते आणि त्यानंतर सर्वांसमक्ष आपला गट कायमचा निवडावा लागतो, शाखा निवडताना पोटात उठणारा गोळा तेथे राज्यव्यवस्था होऊन बसला आहे. स्कॉट वेस्टरफेल्ड यांच्या ‘अग्लीज’मध्ये (२००५) सोळाव्या वर्षी प्रत्येकावर सुंदर करणारी शस्त्रक्रिया होते. लोइस लॉरी यांच्या ‘द गिव्हर’मध्ये (१९९३) बाराव्या वर्षीच्या समारंभात वडीलधारी समिती प्रत्येक मुलाचा व्यवसाय जाहीर करते, आणि जॉन ख्रिस्तोफर यांच्या ‘द व्हाइट माउंटन्स’मध्ये (१९६७) चौदाव्या वर्षी डोक्यावर एक धातूची जाळी बसवली जाते, जिच्यामुळे बंडाचा विचारच मनात येत नाही. चारही कथांत वयाची एक रेषा आहे आणि ती ओलांडण्याचा एक दिवस आहे. बालपण संपण्याची भीती एरवी पसरट आणि निनावी असते. येथे तिला तारीख मिळते. म्हणून आपल्या कथेतही असा दिवस ठरवावा, आणि कथानकाची सुरुवात त्या दिवसाच्या फार आधी करू नये. तो दिवस दिसू लागला आहे पण अजून टळू शकतो असे वाटते, एवढे अंतर पुरे.

पाळत ठेवणाऱ्या राज्याची कल्पना किशोरांना इतकी का पटते, याचे एक उत्तर मानसशास्त्रात सापडते. डेव्हिड एल्काइंड यांनी १९६७ मध्ये किशोरवयीन आत्मकेंद्रितपणाविषयी लिहिताना दोन कल्पना मांडल्या. पहिली ‘काल्पनिक प्रेक्षकां’ची: या वयातील मुलाला सतत असे वाटत असते की सगळे आपल्याकडेच पाहत आहेत, आपल्या चेहऱ्यावरची पुटकुळीसुद्धा सगळ्यांच्या लक्षात आली आहे. दुसरी ‘वैयक्तिक दंतकथे’ची: आपल्याला जे वाटते ते आजवर कोणालाच वाटलेले नाही आणि आपल्या वाट्याला काही वेगळेच आले आहे, ही खात्री. आता भिंतीभिंतीवर कॅमेरे असलेले आणि एका विशिष्ट मुलीलाच हुडकणारे राज्य डोळ्यांसमोर आणले, तर या दोन्ही भावना तेथे भ्रम राहत नाहीत. त्या परिस्थितीचे अचूक आकलन ठरतात. मोठी माणसे ज्याला ‘तुझ्या मनाचे खेळ’ म्हणून झटकून टाकतात, ते खरे होते असे ही कथा सांगते. या एका दिलाशासाठी वाचक पुष्कळ काही माफ करतो, आणि लेखकाने त्याचा गैरफायदा घेऊ नये.

एक नियम, शेवटपर्यंत नेलेला

नियम निवडल्यावर त्याच्या जोडीला दुसरा, तिसरा नियम घेण्याचा मोह होतो. तो टाळावा. एकाच नियमाचे परिणाम स्वयंपाकघरापर्यंत, मैत्रीपर्यंत आणि झोपेपर्यंत नेता आले, तर जग आपोआप भरीव होते. सुझान कॉलिन्स यांच्या ‘द हंगर गेम्स’मधली (२००८) चिठ्ठ्यांची पद्धत या दृष्टीने बारकाईने पाहण्यासारखी आहे. बारा ते अठरा या वयातील प्रत्येकाचे नाव सोडतीत जाते आणि दर वर्षी एकेक चिठ्ठी वाढत जाते; ज्यांचे नाव निघते त्यांना एकमेकांना मारण्याच्या खेळात उतरावे लागते, एवढा मूळ नियम. पण ज्या घरात अन्न पुरत नाही, त्या घरातील मुलाला जास्तीची चिठ्ठी टाकण्याच्या बदल्यात धान्य आणि तेल मिळते. त्यामुळे सोळा वर्षांच्या नायिकेच्या नावाच्या वीस चिठ्ठ्या आहेत, तिच्या मित्राच्या बेचाळीस. खाऊन-पिऊन सुखी घरातील मुलीच्या मात्र मोजक्याच. नियम सर्वांना सारखा आहे असे दिसते आणि मरण्याची शक्यता मात्र भुकेच्या प्रमाणात वाटली जाते. एकाच जिल्ह्यातील मुलांच्या मनात एकमेकांविषयी कटुता कशी रुजते, हे सांगायला वेगळे प्रकरण लागत नाही. आणि अखेर सोडतीत नाव निघते ते नायिकेच्या धाकट्या बहिणीचे, जिची त्या वर्षी एकच चिठ्ठी होती.

आता एक नियम स्वतः घडवून पाहू. तक्रार अशी घेऊ: ‘तुझ्यासाठी आम्ही काय काय केले’ हे वाक्य प्रत्येक मुलाने ऐकलेले असते. ते कायदा करून टाकले, तर प्रत्येक मुलाच्या जन्माबरोबर एक हिशोबवही उघडली जाईल. दूध, कपडे, औषधे, शिकवणे, आजारपणातली जागरणे, सगळे त्या वहीत पालकांनी रोज लिहायचे, महिन्याअखेरीस कारकुनाने तपासून शिक्का मारायचा. सोळाव्या वर्षी बेरीज होते आणि ती फेडण्यासाठी राज्य सांगेल ते काम सांगेल तितकी वर्षे करायचे. नियमाचा आवाज गोड ठेवावा: या समाजात कोणी वृद्ध उपाशी राहत नाही, कोणतेही मूल टाकले जात नाही, आणि कृतघ्नता हा शब्द तेथे फक्त इतिहासाच्या पुस्तकात आढळतो.

येथून पुढे प्रश्न विचारत जावे. ज्या मुलीला लहानपणी दमा होता, तिची बेरीज किती मोठी असेल? मुले औषध लपून थुंकून टाकतात का? मैत्रिणीच्या घरी जेवायला थांबले, तर ते कोणाच्या वहीत जाते? भावंडांमध्ये एकाची वही जाड आणि दुसऱ्याची पातळ असेल, तर जेवणाच्या वेळी कोण ताट लवकर सरकवते? भाषेतही नियम उतरवावा. वही बंद होण्याच्या दिवशी, कालपर्यंत ‘तू’ म्हणणारा कारकून नायिकेला पहिल्यांदा ‘आपण’ म्हणतो आणि सही कुठे करायची ते दाखवतो. त्या समाजात आदर कर्जाबरोबरच मिळतो, हे त्या एका सर्वनामातून कळते. तेथे लेखकाने आणखी काही समजावून सांगण्याची गरज नाही.

मग त्या वहीत एखादी अशी नोंद असावी, जिच्यामुळे नायिकेच्या हातून ती वही मिटवली जात नाही. समजा, ती आपली वही पहिल्यांदा पूर्ण वाचते आणि तिला आठवणारा एक मोठा ताप, ज्यात आई सलग कित्येक रात्री जागी होती, तेथे तिला सापडतच नाही. त्या पानांवर आईच्या अक्षरात रोज एकच शब्द आहे: ‘निरंक’. आईने नोंदच केलेली नाही, आणि नोंद दडवणे हा गुन्हा आहे. पंधरा वर्षे ज्या बाईला मुलगी नियमाने वागणारी, भित्री समजत आली, तिने घरात बसून रोज थोडे थोडे बंड केले होते. नायिकेचे बंड येथून सुरू झाले तर ते उसने वाटणार नाही.

नायक किशोर का, आणि तसा लिहायचा कसा

प्रौढ नायकाची डिस्टोपिया आणि किशोर नायकाची डिस्टोपिया या दोन वेगळ्या जाती आहेत. जॉर्ज ऑर्वेल यांच्या ‘१९८४’मधील (१९४९) विन्स्टन स्मिथ एकोणचाळीस वर्षांचा आहे. तो सरकारी खात्यात नोकरी करतो, जुन्या बातम्या बदलण्याचे काम हातोटीने करतो, आणि त्याचा पराभव इतका पूर्ण वाटतो त्याचे एक कारण हे की तो ज्या यंत्रणेविरुद्ध उभा राहतो, तिच्यातच त्याने आयुष्य खर्च केलेले आहे. किशोर नायकाने अजून कशावरही सही केलेली नसते. जो करार त्याच्यावर लादला जातो तो त्याच्या जन्मापूर्वी दुसऱ्यांनी केलेला असतो, आणि तो मोडण्याचा नैतिक अधिकार त्याच्याकडे कोणत्याही प्रौढापेक्षा अधिक असतो. वाचकाला हे शब्दांत सांगता येत नसले, तरी जाणवते.

दुसरे कारण रचनेचे आहे. वाचकाला या जगाची माहिती हळूहळू मिळायला हवी, आणि ज्याला जग कसे चालते हे वयानुसार आताच कळू लागले आहे, असा माणूस या कामाला नैसर्गिक असतो. चाळीस वर्षांचा माणूस आपल्या शहराच्या कायद्यांविषयी विचार करत बसला, तर ती लेखकाने केलेली सोय दिसते; पंधरा वर्षांची मुलगी करत असेल, तर ते तिचे रोजचे काम आहे. मात्र तिला या जगाखेरीज दुसरे जग माहीत नाही, हे विसरू नये. तिला हिशोबवही विचित्र वाटणार नाही. आधी ती वहीतील बेरीज चुकली म्हणून तक्रार करेल. वहीच चुकीची आहे हे तिला पुष्कळ उशिरा सुचेल, आणि वाचकाच्या मनात ते तिच्याआधी आलेले असेल. हे अंतर सांभाळणे ही या प्रकारातील सर्वांत अवघड कारागिरी आहे. पहिल्याच पानावर नायिका राज्यव्यवस्थेचे विश्लेषण करू लागली, तर समजावे की बोलतो आहे तो लेखक.

तिच्या चुकाही तिच्या वयाच्या असाव्यात. मेंदूतील बक्षिसाला आणि भावनेला प्रतिसाद देणारी यंत्रणा किशोरवयात फार संवेदनशील होते, तर आवर घालणारा, पुढचा विचार करणारा भाग विशीतही पक्व होत असतो. मार्गो गार्डनर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात वेगवेगळ्या वयाच्या लोकांना संगणकावर गाडी चालवण्याचा खेळ दिला होता, काहींना एकट्याने आणि काहींना समवयस्कांच्या देखत. समवयस्क पाहत असताना तेरा ते सोळा वयाच्या मुलांनी एकट्याने खेळणाऱ्या मुलांपेक्षा बरीच जास्त जोखीम घेतली; चोवीस वर्षांवरील लोकांत तसा फरक दिसला नाही. लेखकाला यातून थेट उपयोगी पडणारी गोष्ट अशी की, नायिकेने अविचारी पाऊल उचलायचे असेल तर तिला त्या क्षणी एकटी ठेवू नये. मैत्रीण पाहत असताना ती भिंतीवरून उडी मारेल; एकटी असती तर कदाचित घरी गेली असती. कथेतील घोडचुका अशा साक्षीदारांसमोर घडल्या, तर वाचक नायिकेला मूर्ख म्हणत नाही.

तिचा हेतू लहान ठेवावा. क्रांती करायला निघालेला पंधरा वर्षांचा मुलगा खोटा वाटतो, आणि कॉलिन्स यांची नायिका स्वेच्छेने पुढे येते ती फक्त बहिणीला वाचवण्यासाठी. लहान हेतूचे मोठ्या परिणामात रूपांतर होण्याचे काम व्यवस्थेने करावे: एवढीशी गोष्टसुद्धा ती सहन करू शकत नाही, म्हणून संघर्ष वाढतो.

निवेदनाविषयी एक तांत्रिक सूचना. ‘द हंगर गेम्स’ आणि ‘डायव्हर्जंट’ या दोन्ही प्रथमपुरुषी, वर्तमानकाळात सांगितलेल्या कादंबऱ्या आहेत, आणि त्यामागे कारण आहे: भूतकाळात सांगणारी नायिका जिवंत राहिली आहे आणि मोठी, शहाणी झाली आहे हे वाचक गृहीत धरतो, वर्तमानकाळ ती हमी देत नाही. मराठीत मात्र ‘मी दार उघडते, मी आत जाते’ अशी वाक्ये पानभर आली की नाटकातील रंगसूचनांसारखी वाटू लागतात. वर्तमानकाळ वापरायचा असेल तर अपूर्ण आणि पूर्ण रूपे मिसळावीत, क्रियापदाशिवायची वाक्ये येऊ द्यावीत. आणि ते जमत नसेल तर सरळ भूतकाळ घ्यावा, पण निवेदिकेला त्या दिवशी जितके कळत होते त्यापलीकडचे एक अक्षरही सांगू देऊ नये.

मोठ्यांचे काय करायचे

आईवडिलांना पहिल्या प्रकरणात मारून टाकणे ही सर्वांत सोपी आणि सर्वांत झिजलेली वाट आहे. त्यामुळे नायकाला मोकळीक मिळते हे खरे, पण कथेतला मोठा तणाव हातचा जातो. किशोरवयाचा पेच असा की ज्यांनी हे जग असे केले किंवा असे होऊ दिले, त्यांच्यावरच आपले प्रेम असते. ‘द गिव्हर’मधील सर्वांत हादरवणारा प्रसंग एखाद्या हुकूमशहाचा नाही. मुलांशी हळुवारपणे वागणारे नायकाचे वडील, बालसंगोपनाचे काम करणारे, एका नवजात अर्भकाला लाडिक स्वरात बोलत बोलत प्राणघातक इंजेक्शन देतात, आणि नायक त्याचे चित्रीकरण पाहतो. वडील दुष्ट नाहीत. ते काय करत आहेत हे कळण्यासाठी लागणारी शक्तीच त्यांच्यात त्या समाजाने शिल्लक ठेवलेली नाही. हा प्रसंग वडील पहिल्या प्रकरणात मेले असते तर लिहिताच आला नसता.

मोठ्यांनी सुरू केलेल्या लढाईत मुलाला पुढे घालण्याची कथा आपल्याला नवी नाही. सोळा वर्षांचा अभिमन्यू चक्रव्यूहात शिरतो, कारण उपस्थितांपैकी तो व्यूह भेदण्याची विद्या त्या एकट्याला येते. बाहेर पडण्याची येत नाही हे त्याने आधीच सांगितलेले असते, आणि मागोमाग येतो असे वचन देणारे वडीलधारे जयद्रथामुळे बाहेरच अडकतात. या प्रसंगात जे दुःख आहे ते शत्रूच्या क्रौर्याइतकेच आपल्या माणसांच्या अपुऱ्या पडण्याचे आहे. डिस्टोपियन कथेतील प्रत्येक महत्त्वाच्या प्रौढ पात्राविषयी म्हणून एक प्रश्न विचारावा: याने कोणते वचन दिले होते, आणि ते पाळता न येण्याचे याचे कारण काय? उत्तर ‘तो वाईट आहे’ असे येत असेल, तर ते पात्र अजून तयार झालेले नाही.

यात एक व्यावहारिक शहाणपणही आहे. बोकर या संस्थेने २०१२ मध्ये अमेरिकेतील पुस्तकविक्रीविषयी जाहीर केलेल्या पाहणीत, बारा ते सतरा वयासाठी प्रकाशित होणारी पुस्तके विकत घेणाऱ्यांपैकी ५५ टक्के लोक अठरा किंवा त्याहून अधिक वयाचे असल्याचे आढळले होते, आणि त्यातील बहुतेकांनी ती स्वतःसाठीच घेतली होती. प्रौढ वाचक ही कथा दोन ठिकाणांहून एकाच वेळी वाचतो. एकीकडे त्याला स्वतःचे सोळावे वर्ष आठवते, आणि दुसरीकडे वहीत शिक्का मारणारा कारकूनही तोच असतो. त्या कारकुनाला चेहरा नसेल, तर या वाचकाला अर्धीच कथा मिळते.

राजवटीलाही तिची सर्वोत्तम बाजू मांडू द्यावी. मी असे सुचवतो की लेखकाने त्या राज्याची एक अधिकृत पुस्तिका लिहून काढावी, उपरोध अजिबात न आणता, आणि ती वाचून स्वतःला क्षणभर तरी ‘यात तथ्य आहे’ असे वाटते का ते पाहावे. नसेल वाटत, तर तेथील लोक तिथे का राहतात याचे उत्तर आपल्याकडे नाही. ही पुस्तिका कथेत घालायची नाही, हे सांगायला नको.

हिंसा, प्रेम आणि शेवट

कॉलिन्स यांनी सांगितले आहे की ‘द हंगर गेम्स’ची कल्पना त्यांना दूरचित्रवाणीच्या वाहिन्या बदलताना सुचली: एकीकडे तरुणांच्या स्पर्धेचा रिॲलिटी शो, दुसरीकडे इराक युद्धाची दृश्ये, आणि थकलेल्या नजरेसमोर ती एकमेकांत मिसळू लागली. मुलांच्या मृत्यूची मजा घेणाऱ्या प्रेक्षकांविषयी लिहिताना आपला वाचकही तोच खेळ पाहण्यासाठी पाने उलटत आहे, ही अडचण लेखकाने ओळखली पाहिजे. तिच्यातून पूर्ण सुटका नाही. जपानमध्ये कोशुन ताकामी यांच्या ‘बॅटल रॉयल’ (१९९९) या कादंबरीवर २००० मध्ये चित्रपट आला, तेव्हा संसदेतही त्यावरून वाद झाला, आणि चित्रपटाला मिळालेल्या प्रमाणपत्रामुळे पंधरा वर्षांखालील प्रेक्षकांना तो पाहता येईना. म्हणजे एकमेकांना ठार मारायला लावलेल्या नववीतील बेचाळीस विद्यार्थ्यांची ही कथा त्या वर्गातील पुष्कळ मुलांसाठी बंदच होती. लेखकाच्या हातात एवढे आहे की मरणाऱ्या प्रत्येक मुलाला मरण्याआधी काहीतरी स्वतःचे द्यावे, एखादी सवय, एखादे अर्धवट राहिलेले भांडण. आणि मृत्यूनंतर कथेने पुढे धावू नये, थोडे अडखळावे. जखमेचे वर्णन दोन ओळींत संपवून तिच्यानंतरच्या दिवसाला दोन पाने द्यावीत.

प्रेमाच्या त्रिकोणाविषयी फार लिहिण्यासारखे नाही. नायिकेसमोरच्या दोन मुलांपैकी प्रत्येक जण जगण्याची वेगळी रीत सुचवत असेल तर त्रिकोण ठेवावा. ते दोघे केवळ केसांच्या रंगाने वेगळे असतील तर काढून टाकावा.

शेवटाबाबत या प्रकाराची वाचकाला एक अपेक्षा असते: काहीतरी बचावले पाहिजे. प्रौढांच्या डिस्टोपियात सर्वनाश चालतो, किशोर वाचकाला मात्र पुढची साठ वर्षे याच जगात काढायची असतात. पण बचावणे आणि जिंकणे यांत गल्लत करू नये. ‘द हंगर गेम्स’ मालिकेच्या तिसऱ्या पुस्तकात (२०१०) विजयी बंडखोरांची अध्यक्षा राजधानीतील मुलांना घेऊन तोच जीवघेणा खेळ शेवटचा एकदा खेळवण्याचा प्रस्ताव ठेवते, आणि नायिकेचा बाण पदच्युत हुकूमशहाऐवजी त्या अध्यक्षेला लागतो. व्यवस्था बदलली तरी तिची सवय शिल्लक राहते, हे ज्या लेखकाला दाखवता येते त्याच्या शेवटावर वाचक विश्वास ठेवतो. असा विश्वास कधी कधी पुस्तकाबाहेरही जातो: त्या मालिकेतील तीन बोटे उंचावण्याची खूण २०१४ च्या लष्करी उठावानंतर थायलंडमधील निदर्शकांनी उचलली, आणि २०२१ च्या उठावानंतर म्यानमारमध्येही ती रस्त्यांवर दिसली. याउलट केवळ साचा उचलणाऱ्या कथांचे आयुष्य कमी ठरते. २०१२ ते २०१५ या काळात पडद्यावर या प्रकाराची चलती होती, आणि लगेचच प्रेक्षक इतके कंटाळले की २०१६ मधील थंड प्रतिसादानंतर ‘डायव्हर्जंट’ मालिकेचा जाहीर झालेला अखेरचा चित्रपट निघालाच नाही.

हिशोबवहीच्या कथेत सगळ्या वह्या जाळून टाकण्याचा शेवट सर्वांत आधी सुचेल, आणि म्हणूनच तो बाजूला ठेवावा. वह्या जळल्या तर आईचे ‘निरंक’ही जळते, आणि त्याबरोबर तिने काय केले याचा एकमेव पुरावा जातो. नायिकेला वही मोडायचीही आहे आणि ती पाने हवीही आहेत. या पेचातून निघणारा शेवट, मग तो कोणताही असो, तिच्याकडून काहीतरी घेऊन जाईल.

पुन्हा लिहिताना

पहिला खर्डा झाल्यावर प्रथम उपोद्घात काढून पाहावा. ज्या युद्धाने हे सगळे झाले त्याचा इतिहास बहुतेक वेळा लेखकालाच हवा असतो. त्यानंतर मोठ्या अक्षरांत मिरवणाऱ्या पारिभाषिक नावांवरून हात फिरवावा. ‘महाशुद्धी मंडळ’, ‘नवयुग परिषद’ अशा नावांनी भीती वाटत नाही. ‘कचेरी’, ‘वही’, ‘शिक्का’ या शब्दांनी वाटते, कारण ते घरात आधीपासून आहेत. मग नियमाची पहिली खूण कितव्या पानावर दिसते ते पाहावे; ती एखाद्या कृतीतून पहिल्या दोन-तीन पानांत आली नसेल तर सुरुवात पुढे सरकवावी.

अखेरीस कथा एखाद्या पंधरा-सोळा वर्षांच्या वाचकाला द्यावी, आणि आवडली का असे विचारू नये, कारण समोर बसून बहुतेक मुले हो म्हणतात. या नियमातून तू स्वतः कशी पळवाट काढली असतीस, असे विचारावे. उत्तर चटकन आणि तपशिलाने आले, तर नियम तिच्या आयुष्याला कुठेतरी लागला आहे. तिने जी पळवाट सांगितली ती कथेत आधीच बंद केलेली नसेल, तर त्या प्रकरणाकडे परत जावे लागेल.